त्याच्याकडे नदी होती

दसऱ्यानंतरच्या शनिवारी घरी गेलो होतो. घरी म्हणजे मोखाड्याला. ठाण्याहून कसारा लोकल, कसाऱ्याहून जीप, मग खोडाळ्यावरून मोखाडा. कसाऱ्यापर्यंत सगळी मुंबईच असते. पुढे जीपमध्ये ड्रायव्हरच्या सीटवर ड्रायव्हर धरून चौघं बसले की समजायचं आपला तालुका सुरू झाला.

संध्याकाळी सातला लाईट गेली. ही काही बातमी नाही. आई आणि मी ओट्यावर येऊन बसलो. पाऊस संपलेला, आभाळ मोकळं, आणि मुंबईच्या दिशेने जाणारी विमानं एकामागून एक. हे दिवे मी लहानपणापासून बघत आलोय. शाळेत असताना मोजायचो. आता ऑफिसच्या कामाला त्यांच्यातूनच कधीतरी बेंगलोरला जातो, आणि खिडकीतून खाली बघताना ह्या डोंगरांमधला अंधार नेमका कुठे सुरू होतो ते ओळखायचा प्रयत्न करतो.

आई म्हणाली, "ह्यातलं एखादं वरच्यावर बिघडलं तर काय करतात रे ते लोक?"

आई इथल्याच पाड्यांवर नर्स होती, म्हणजे उपकेंद्रातली एएनएम. तीस वर्षं. "बिघडलं तर काय" हा प्रश्न तिच्या अंगात मुरलेला आहे. आणि विमान अपघातांचे अहवाल वाचणं हे माझं जुनं व्यसन. (बायको ह्याला विकृती म्हणते. माझं म्हणणं, आमच्या धंद्यात पोस्टमॉर्टेम लिहायला शिकायचं असेल तर याहून चांगलं वाचन नाही.) त्यामुळे मी खूश होऊन तिला हडसनची गोष्ट सांगितली.

तुम्हालाही माहीत असेल. १५ जानेवारी २००९, न्यूयॉर्क. उड्डाण झाल्याझाल्या पक्ष्यांचा थवा दोन्ही इंजिनांत गेला, दोन्ही बंद. विमानात १५५ माणसं. कॅप्टन सलेनबर्गरने हिशेब केला की कुठल्याच विमानतळापर्यंत पोचणार नाही, आणि विमान सरळ हडसन नदीवर उतरवलं. सगळे वाचले. २०१६ साली टॉम हँक्सला घेऊन सिनेमाही आला. मी जरा रंगवूनच सांगितली.

आईने ऐकून घेतलं. मग म्हणाली, "त्याच्याकडे नदी होती म्हणून."

"म्हणजे?"

"म्हणजे माणूस हुशार होता, ते खरंच. पण नदी नसती तर काय केलं असतं? ज्यांच्याकडे नसते त्यांचं काय होतं?"

मी गप्प. कारण त्या प्रश्नाचं उत्तर मला माहीत होतं, आणि ते मुंबईतलंच होतं.

१२ ऑक्टोबर १९७६. इंडियन एअरलाइन्सचं फ्लाइट १७१, सांताक्रूझहून मद्रासला. (१७१ म्हटलं की आता सगळ्यांना १२ जून २०२५ चं अहमदाबाद आठवतं. ते एअर इंडियाचं. हे त्याच्या जवळजवळ ४९ वर्षं आधीचं, आकडा सोडला तर दोघांचा संबंध नाही.) त्या दिवशी आधी बोइंग ७३७ जाणार होतं. त्याच्या इंजिनात बिघाड निघाला म्हणून प्रवाशांना कॅरॅव्हेलमध्ये बसवलं. कॅरॅव्हेल हे फ्रेंच बनावटीचं देखणं विमान, दोन्ही इंजिनं मागे शेपटीजवळ, अंगाला चिकटून. आत ८९ प्रवासी आणि ६ कर्मचारी. प्रवाशांमध्ये मल्याळी सिनेमातली नटी राणी चंद्रा होती, सोबत तिची आई आणि तीन बहिणी.

उड्डाण झालं आणि उजवं इंजिन गेलं.

आता "इंजिन गेलं" म्हणजे काय ते जरा सांगतो, कारण सगळी गोम तिथेच आहे. जेट इंजिनात पुढे हवा दाबणारा कॉम्प्रेसर असतो. त्यात जाडजूड धातूच्या चकत्या, एकामागे एक, प्रत्येकीच्या कडेला पाती, आणि हे सगळं मिनिटाला हजारो फेऱ्या फिरतं. प्रत्येक उड्डाणात चकतीवर ताण येतो, उतरल्यावर जातो. पुन्हा येतो, पुन्हा जातो. हँगरची तार वाकवून वाकवून तोडली असेल ना कधी? तसंच. पहिल्या वाकवण्याला काही होत नाही, विसाव्याला होतं. ह्या इंजिनातल्या दहाव्या टप्प्याच्या चकतीत अशीच एक चीर वाढत होती. त्या दिवशी चकती फुटली. तुकडे इंजिनाचं कवच फोडून बाहेर आले, इंधनाची नळी तुटली, आग लागली.

आणि विमान चालवणाऱ्यांनी काय केलं? जे करायला हवं तेच. कॅरॅव्हेल एका इंजिनावर उडू शकतं, डावं इंजिन चालू होतं. मद्रासचा विचार सोडून त्यांनी लगेच विमान वळवलं आणि सांताक्रूझकडे परत आणलं. धावपट्टी समोर. जमिनीपासून साधारण ३०० फूट, म्हणजे तीस मजली इमारतीएवढी उंची. तिथे नाक एकदम खाली गेलं आणि विमान धावपट्टीच्या अलीकडे कोसळलं. ९५ पैकी एकही वाचला नाही.

चौकशीत निघालं ते असं. विमानाचं नाक वर-खाली करणारे, पंख कलते करणारे जे हलते भाग असतात ते माणसाच्या हाताच्या जोराने हलत नाहीत. तेलाच्या दाबाने हलतात, त्याला हायड्रॉलिक म्हणतात. जेसीबीचा हात हलतो ना, तसं. इंजिनाच्या आगीने हे हायड्रॉलिकचं तेल खाऊन टाकलं. आग तेल खात होती आणि पुढे माणसं धावपट्टीकडे विमान आणत होती. दोन्ही शर्यती एकाच वेळी. आग जिंकली, काही सेकंदांनी.

शेवटच्या क्षणी कॉकपिटमध्ये काय झालं असेल ह्याची कल्पना मी करणार नाही. त्यांच्यावर सिनेमा निघाला नाही. त्यांची नावं तुम्हाला माहीत नाहीत. पण अहवाल वाचून मला प्रत्येक वेळी हेच वाटतं की ह्या लोकांनी सलेनबर्गरपेक्षा काय कमी केलं? वळायचा निर्णय बरोबर. धावपट्टी बरोबर पकडली. फक्त विमानाने त्यांच्या हातात शेवटपर्यंत काही ठेवलं नाही.

आईला एवढं सांगितलं तर ती म्हणाली, "आणि हे पहिल्यांदाच झालं होतं का?"

नर्सचा प्रश्न! पहिली केस आहे का आधीची हिस्ट्री आहे.

आधीची हिस्ट्री होती. ४ सप्टेंबर १९६३, स्वित्झर्लंड. झुरिकहून जिनिव्हाला जाणारं स्विसएअरचं कॅरॅव्हेल. सकाळी धुकं होतं. धुकं पांगवायला वैमानिकांनी इंजिनांचा जोर वाढवून धावपट्टीवर फेरी मारली, त्यात ब्रेक भयंकर तापले. उड्डाणानंतर चाकांच्या कप्प्यात आग लागली, हायड्रॉलिकच्या नळ्या गेल्या, विमान हातातून गेलं. ८० जण मेले. सुरुवात वेगळी, पण शेवट तोच. आग, मग तेल, मग ताबा. मुंबईच्या १३ वर्षं आधी.

त्या विमानातले ४३ जण हुमलिकोन नावाच्या एकाच खेड्यातले होते. शेतकरी. जिनिव्हाजवळ शेतीचा काही प्रयोग बघायला निघाले होते. गावाची लोकसंख्या सव्वादोनशेच्या आत. म्हणजे गावातला पाचवा माणूस त्या सकाळी गेला, आणि बहुतेक करती माणसं. आईने हा आकडा दोनदा विचारला. एखाद्या पाड्यातून एका सकाळी ४३ माणसं गेली तर मागे काय राहतं हे तिला माझ्याहून चांगलं कळत असावं.

तर मुद्दा असा, की बिघडलेलं विमान उतरवणाऱ्यांच्या गोष्टी आपण वीरकथा म्हणून सांगतो. मीही सांगतो, आत्ताच सांगितली. त्यातलं शौर्य खोटं नसतं. पण ती गोष्ट सांगताना आपण सगळा प्रकाश कॉकपिटवर टाकतो, आणि ज्यामुळे खरंच फरक पडतो ते अंधारात राहतं. संकटाच्या वेळी माणसाच्या हातात काय शिल्लक होतं? आणि ते शिल्लक ठेवायचं कुणी, कधी ठरवलं?

हडसनचंच घ्या. दोन्ही इंजिनं गेल्यावर सलेनबर्गरने पहिल्या काही सेकंदांत एक गोष्ट केली, शेपटीतलं छोटं सहाय्यक इंजिन चालू केलं. चेकलिस्टमध्ये ते पुष्कळ खाली होतं, त्याने स्वतःच्या अनुभवाने आधी केलं. त्यामुळे वीज टिकली, कॉम्प्युटर टिकले, आणि ए-३२० शेवटपर्यंत त्याचं ऐकत राहिलं. शाबास त्याची. पण ते इंजिन तिथे होतं, म्हणून चालू करता आलं.

त्याहून स्पष्ट उदाहरण १९ जुलै १९८९ चं. युनायटेडचं फ्लाइट २३२, डीसी-१० विमान, २९६ माणसं. शेपटीतल्या इंजिनाची पुढची मोठी चकती फुटली. धातू ओतताना राहिलेला एक दोष, १८ वर्षांपूर्वीचा, तपासण्यांमधून निसटलेला. ह्या विमानात हायड्रॉलिकच्या तीन वेगवेगळ्या व्यवस्था होत्या. एक गेली तर दुसरी, दुसरी गेली तर तिसरी. कागदावर झकास. पण तिन्हींच्या नळ्या शेपटीत एकमेकींच्या जवळून जात होत्या, नेमक्या त्या इंजिनाशेजारून. एका फटक्यात तिन्ही गेल्या. आमच्या भाषेत सांगायचं तर तीन बॅकअप घेतले आणि तिन्ही एकाच हार्डडिस्कवर ठेवले. हसू नका, मी हे प्रत्यक्षात पाहिलंय.

तिन्ही जातील ही शक्यता इतकी नगण्य धरली होती की तिच्यासाठी चेकलिस्टच नव्हती. कॅप्टन अल हेन्स आणि त्याच्या सहकाऱ्यांनी उरलेल्या दोन इंजिनांचा जोर कमीजास्त करून विमान वळवायला सुरुवात केली. प्रवाशांमध्ये डेनी फिच नावाचा डीसी-१० चाच प्रशिक्षक होता, तो पुढे येऊन जमिनीवर बसून दोन हातांनी थ्रॉटल सांभाळत राहिला. ४४ मिनिटं. आयोवातल्या सू सिटीला उतरताना पंख टेकला, विमान उलटलं, फुटलं, पेटलं. तरी १८४ जण वाचले. नंतर हाच प्रसंग सिम्युलेटरवर अनुभवी वैमानिकांना दिला, आणि धावपट्टीवर नीट उतरवणं जवळजवळ कुणालाच जमलं नाही.

हेन्स पुढे वर्षानुवर्षं ह्यावर भाषणं देत फिरला आणि यशाची कारणं सांगताना पहिलं नाव घ्यायचा ते नशिबाचं. दिवसाउजेडी झालं, जवळच्या इस्पितळात पाळी बदलायची वेळ होती म्हणून दुप्पट लोक हजर होते, वगैरे. मला हा माणूस त्यामुळेच आवडतो. सत्काराच्या खुर्चीत बसून "आमचं नशीब" म्हणायला दम लागतो.

आणि ज्यांचं नशीब नव्हतं? १२ ऑगस्ट १९८५, जपान एअरलाइन्सचं फ्लाइट १२३. सात वर्षांपूर्वी शेपटीकडच्या पडद्याची दुरुस्ती चुकीची झाली होती, रिव्हेट्सच्या दोन ओळींचं काम एकीवर भागवलेलं. तो पडदा फुटला, शेपटीचा मोठा भाग उडाला, चारही हायड्रॉलिक व्यवस्था गेल्या. त्यांनीही इंजिनांच्या जोरावर विमान हाकलं, डोंगराळ मुलखावरून, ३२ मिनिटं. ५२४ पैकी ४ वाचले. सू सिटीवाल्यांपेक्षा टोकियोवाले कमी शूर होते असं म्हणायची माझी तरी हिंमत नाही.

खरं सांगायचं तर आपल्याकडे कर्मचाऱ्यांसाठी दोनच जागा असतात. एक सत्काराची, दुसरी चौकशीची. औरंगाबादचं १९९३ चं प्रकरण आठवतंय? २६ एप्रिल. इंडियन एअरलाइन्सचं ७३७ उडताना धावपट्टीपलीकडच्या बीड रस्त्यावरून जाणाऱ्या कापसाच्या गासड्यांच्या ट्रकला धडकलं. डावीकडची चाकं आणि इंजिन जायबंदी झालं, तशा अवस्थेत थोडं पुढे गेलं, मग विजेच्या तारांना लागून पडलं. ११८ पैकी ५५ गेले. वैमानिकांनी नाक उचलायला उशीर केला असा ठपका बसला, आणि तो बरोबरच होता. पण त्याच अहवालात हेही होतं की उड्डाणाच्या वेळी त्या रस्त्यावरची वाहतूक थांबवायला हवी होती, ती थांबवली गेली नाही. लक्षात काय राहिलं? वैमानिक चुकले. फाटक कुणाला आठवत नाही.

आता ह्याची दुसरी बाजू. ४ नोव्हेंबर २०१०, सिंगापूर. क्वांटासचं ए-३८०, ४६९ माणसं. उड्डाणानंतर काही मिनिटांत दोन नंबरच्या इंजिनाची चकती फुटली. म्हणजे मुंबईचाच रोग, कारण फक्त वेगळं, तेलाची एक नळी सदोष होती. तुकड्यांनी पंख भोसकला, वायरी तोडल्या, एक हायड्रॉलिक व्यवस्था गेली. स्क्रीनवर इशाऱ्यांचा पाऊस. योगायोगाने कॉकपिटमध्ये पाच वैमानिक होते, तरी चेकलिस्टा संपवायला पन्नासेक मिनिटं गेली. शेवटी कॅप्टन रिचर्ड दे क्रेस्पिनी ह्याने विचार उलटा केला. काय काय बिघडलंय हे मोजणं सोडून दिलं आणि काय काय चालू आहे ते मोजायला घेतलं. जेवढं चालू होतं तेवढ्याचं एक साधं छोटं विमान डोक्यात बांधलं, आणि ते उतरवलं. धावपट्टी संपायला शंभर-दीडशे मीटर राहिले होते. कुणालाही खरचटलं नाही.

मला हे "काय चालू आहे ते मोजा" फार आवडतं. पण मोजायला काहीतरी शिल्लक लागतं ना! ए-३८० च्या हलत्या भागांना हायड्रॉलिकच्या दोन व्यवस्था आहेत आणि त्याशिवाय विजेवर चालणारी वेगळी यंत्रणा आहे, स्वतःचं थोडंसं तेल जागेवरच बाळगणारी. वेगळा रस्ता, वेगळी वायर. कुणीतरी वीस वर्षं आधी मीटिंगमध्ये बसून, वजन वाढतंय, खर्च वाढतोय अशी बोलणी खाऊन तो ठेवून घेतला असणार. त्या माणसावर सिनेमा कोण काढणार?

एक गोष्ट मात्र कबूल करायला हवी. दुसरा रस्ता फुकट नसतो. वजन वाढतं, बिघडायला आणखी एक वस्तू वाढते, इशारे वाढतात. प्रत्येक शंकेला बॅकअप लावला तर विमान उडणारच नाही. सू सिटीनंतर डीसी-१० मध्ये हायड्रॉलिकच्या नळीत एक झडप बसवली, शेपटीत गळती झाली तर सगळं तेल वाहून जाऊ नये म्हणून. छोटा, शहाणा उपाय. पण आमच्या धंद्यातल्या माणसांनी केलेला उपाय पडूनच राहिला. २९ ऑगस्ट १९९५ ला नासाने एमडी-११ हे मोठं विमान फक्त इंजिनांच्या जोरावर सुखरूप उतरवून दाखवलं. फिचने हातांनी केलं ते काम सॉफ्टवेअरने केलं. प्रवासी विमानांमध्ये ते आलं नाही. तीन हायड्रॉलिक कुठे रोज जातात? आणि मग २००३ च्या नोव्हेंबरात बगदादवर डीएचएलच्या मालवाहू ए-३०० ला क्षेपणास्त्र लागलं, सगळी हायड्रॉलिक गेली, आणि तिघांनी ते पुन्हा हातानेच उतरवलं. वाचले. पुन्हा वीरकथा.

आमच्या कंपनीत (नाव सांगत नाही, नोकरी प्यारी आहे) दोन वर्षांपूर्वी एका शुक्रवारी रात्री प्रॉडक्शन डेटाबेस बसला. एका पोराने सलग १९ तास बसून तो उभा केला. टाऊनहॉलमध्ये टाळ्या, गिफ्ट व्हाउचर, लिंक्डइनवर फोटो. पोरगा गुणीच आहे, वाद नाही. पण त्याच्या आठ महिने आधी माझ्याच टीममधल्या एका मुलीने तिकीट टाकलं होतं, की दोन्ही सर्व्हर एकाच स्टोरेजवर आहेत, हे वेगळे करा. "लो प्रायॉरिटी" म्हणून ते बंद केलं गेलं. बंद करणारा मीच होतो. टाऊनहॉलमध्ये ती माझ्या शेजारीच बसली होती आणि टाळ्या वाजवत होती. मी तिच्याकडे बघितलं नाही. नंतर कधीतरी सॉरी म्हणालो. ती म्हणाली, "अहो सर, चालायचंच."

हे सगळं मी आईला सांगितलं नाही अर्थात. तिला फक्त विमानांचं सांगितलं. मग ती बोलायला लागली.

आमच्या तालुक्यात पाऊस लागला की कितीतरी पाडे तुटतात. ओढा फुगला की रस्ता संपतो. २०२२ च्या ऑगस्टमध्ये, अमृतमहोत्सवाचे झेंडे लागत होते तेव्हा, बोटोशीच्या मर्कटवाडीतल्या एका बाईची जुळी बाळं गेली. दिवस भरले नव्हते, घरीच बाळंत झाली. रस्ता नाही. रक्तस्राव थांबेना म्हणून तिला चादरीच्या झोळीत घालून घसरड्या वाटेने तीन किलोमीटर खाली आणलं. बाई वाचली. पेपरांत झोळीचे फोटो आले. दर पावसाळ्यात येतात, जव्हार-मोखाडा आणि झोळी हे आता पेपरवाल्यांना पाठ झालंय. मुंबईचं पाणी ह्याच डोंगरांतल्या धरणांतून जातं, नळ कुठून कुठे टाकायचा हे शेकडो किलो कागदांवर ठरवलेलं आहे. असो, तो वेगळा विषय.

आईचाही एकदा सत्कार झालेला. २००५ च्या पावसात बाई अडली होती, मूल आडवं. चार बाप्यांच्या खांद्यावर झोळी, आई सोबत, छातीएवढ्या पाण्यातून दोर धरून पलीकडे, तिथून जीप. आई आणि बाळ दोन्ही वाचले. शाल, नारळ, भिंतीवरचं घड्याळ. घड्याळ अजून चालतं. तेव्हा मी कॉलेजात होतो आणि सगळ्या हॉस्टेलला सांगत सुटलो होतो, सलेनबर्गरसारखंच.

"दोन वर्षं आधी अजून एक होती," आई म्हणाली. "त्याच पाड्यावरची. तेच चौघं, तीच झोळी. मीच. त्या दिवशी पाणी डोक्याएवढं होतं. उतरलंच नाही."

हे मी कधीच ऐकलं नव्हतं.

"तिचं कुणी विचारत नाही. विचारलं तर एवढंच, की सिस्टर, तुम्ही आदल्या दिवशीच का नाही हलवलं. बरोबर आहे, हलवायला हवं होतं. कळ लागली नव्हती, ती तयार नव्हती. माझंही चुकलं असेल. पण साकव त्यांनी पुढच्या साली बांधला का? नाही बांधला. कारण पुढच्या साली मी आणली ना पलीकडे दुसरीला. जमतंय म्हणाले."

मी काय बोलणार. वर एक विमान गेलं, बरंच खाली आलेलं, चाकांचा आवाज येईल असं वाटण्याइतकं. मग लाईट आली. आतला टीव्ही आपोआप सुरू झाला.

आई उठली. दारात थांबून तिने विचारलं, "ते जपानवाले किती वेळ लढले म्हणालास?"

"बत्तीस मिनिटं."

"आम्ही तिच्यासोबत काठावर पाच तास होतो," ती म्हणाली, आणि ताटं घ्यायला आत गेली.